हुलगे शिजेपर्यंत

मु. वाघदरा, ता. जामखेड
२९ ऑगस्ट १९७२

अक्का,

तुझी राखी पौर्णिमा उलटल्यावर पोचली. आमचा पोस्टमन बाजारच्या दिवशीच वाडीवर फिरकतो, त्याला सणवार माहीत नाहीत. राखी माझी मीच बांधली, एक टोक दातात धरून. भीमाबाई भाकरी द्यायला आली होती. ती म्हणाली, "सोडा मास्तर, मी बांधते." आणि मग लगेच मागे सरकली. "नको बाई. बहिनीचा धागा हाय, तुमीच बांधा."

झुंबर कशी आहे? तुझ्या पत्रात तिच्याबद्दल दोनच ओळी होत्या, आणि त्यातली एक तिच्या परकराच्या मापाची. ती रात्री आईची आठवण काढून उठते का, ते लिही.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. रंगूच्या तेराव्याला सगळ्या भावकीसमोर तू म्हणाली होतीस, "सहादू, ज्या दिवशी तू सोताच्या हातानं पोरीला तिच्या आईवानी हुलग्याची उसळ करून घालशील, त्या दिवशी ने तिला." मला तेव्हा बोलायला तोंड नव्हतं. आई गेल्यापासून पोरीने घास धरला नव्हता, आणि मागितली ती हुलग्याची उसळ. ती मला येत नव्हती. तू केलीस, ती जेवली, आणि तुझ्याबरोबर राहात्याला गेली. त्या वेळी ते बरंच झालं. पण आता घर फार मोठं झालंय, अक्का. दोन खणांचं घर इतकं मोठं कसं होतं, ते मला कळत नाही.

तर उसळीची रीत लिहून पाठव. भाकऱ्या भीमाबाई कामावर जायच्या आधी थापून देते, कालवण माझं मी करतो. पिठलं येतं. बटाटा येतो. हुलगे येत नाहीत. गावात विचारायची सोय नाही. सगळ्या बाया रस्त्याच्या कामावर खडी फोडतात, मास्तर चुलीपुढे बसला म्हटल्यावर त्यांना दिवसभराची करमणूक होईल. मी दार लावून स्टोव्ह पेटवतो.

हुलगे घरात आहेत. रंगूच्या उतरंडीत सगळ्यात खालच्या मडक्यात, राखेत घोळून ठेवलेले सापडले. तिच्याच हातचे. त्यातलेच शिजवायचे आणि झुंबरला घरी आणायचं, असं मनात धरलंय.

दाजींना नमस्कार.

तुझा सहादेव


राहाता
८ सप्टेंबर १९७२

सहादू,

आशीर्वाद तुला आहेतच, ते दर वेळी काय लिहायचे.

पत्र वाचून मी हसले, मग पदर डोळ्याला लावला, मग पुन्हा हसले. तुझे दाजी म्हणाले, "काय झालं गं, भावानं लॉटरी घेतली का काय?" त्यांना सांगितलं, मास्तर उसळ शिकतोय. ते म्हणाले, "शिकू दे की. पोरगी त्याची हाय." त्यांचं बोलणं असंच, मधेच एखादा खिळा ठोकल्यासारखं.

तर ऐक. हुलगे आधी निवड. त्यात खडा असतो तो हुलग्याच्याच रंगाचा, डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतो. रात्री भिजत घाल. सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांध आणि वर वरवंटा ठेव. मोड यायला हवेत, पण लांब शेपट्या नकोत, त्याने उसळ गिळगिळीत होते. मग पातेल्यात पाणी घाल, हुलगे घाल, चिंचेचा कोळ आणि मीठ त्याच वेळी घाल, म्हणजे आंबटपणा आतपर्यंत मुरतो. मऊ शिजू दे. मग लसूण ठेचून, कांदा आणि काळा मसाला घालून फोडणी. शेवटी शेंगदाण्याचा कूट आणि गुळाचा खडा. एवढंच आहे. पण पी हळद आणि हो गोरी असं चुलीपुढे चालत नाही. बिघडली तर मनाला लावून घेऊ नको.

झुंबर बरी आहे. पहिल्यांदा रात्री उठायची. माझ्या अंगावर हात टाकून निजते, आता उठत नाही. केस चांगले वाढलेत, शनिवारी शिकेकाईने धुते. तुझ्या दाजींना ती मामा म्हणते, त्यांच्याबरोबर पाटाच्या कडेने पेरूच्या बागेत जाते आणि परकराच्या ओच्यात कच्चे पेरू भरून आणते. मी ओरडते. तिला ओरडायला मला बरं वाटतं, सहादू. या घरात मी इतकी वर्षं कोणावर ओरडणार होते? तुझ्या दाजींवर ओरडून काही उपयोग नसतो, ते ऐकूच येत नसल्यासारखं करतात.

तिकडे पाऊस नाही म्हणतात. तब्येत सांभाळ.

बनूअक्का


वाघदरा
२६ सप्टेंबर १९७२

अक्का,

हसायचं असेल तर आधीच हसून घे, मग वाच.

तू लिहिलंस तसं अक्षर न् अक्षर केलं. हुलगे निवडले. मोड तर असे आले की फडकं सोडल्यावर मला बिनचूक पाढा म्हणणाऱ्या पोराकडे बघून होतो तसा आनंद झाला. चिंच, मीठ, पाणी घालून पातेलं स्टोव्हवर चढवलं. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत ते खदखदत होतं. पाणी आटलं, ओतलं, पुन्हा आटलं. रॉकेल संपलं, तेव्हा चुलीत तुराट्या घातल्या आणि धुरापायी दार उघडलं. शेवटी डावाने एक हुलगा दाबून बघितला, तर तो निसटून दाराबाहेर गेला आणि तिथल्या पत्र्यावर टण्णकन वाजला.

नेमकी भीमाबाई टोपलं न्यायला आलेली. "मास्तर, काय फोडताय?"

मी पातेल्यावर झाकण टाकलं आणि म्हणालो, "आसारामच्या बैलासाठी हुलगे उकडतोय."

"आसारामनं बैल गेल्या बाजारात इकला की."

ती हसली नाही, हे तिचे उपकार. खाली पडलेला हुलगा तिने नखाने दाबून बघितला आणि म्हणाली, "दिसभर खडी फोडून आले, हितं बी खडीच. औंदा पानीच लई जड झालंय, मास्तर."

खरं असेल. विहीर तळाला गेली आहे, पाणी मचूळ लागतं. का राखेत राहून हुलगे जुने झाले? का स्टोव्हची आच कमी पडली? तू इतकी वर्षं करतेस, तुला अंदाज येईल. कुठे चुकलं, ते लिही.

दुष्काळात अन्न टाकवत नाही आणि ते रंगूचे हुलगे, म्हणून दोन दिवस तेच चावून खाल्ले. डावीकडची दाढ ठणकते आहे. पोरांना वाटतं मास्तर रागावलेत, म्हणून वर्ग मात्र शांत असतो.

मडक्यात अजून दोन वेळचे आहेत. पुन्हा करतो. आपली माणसं म्हणतात ना, प्रयत्नांती परमेश्वर. मला परमेश्वर नको, झुंबर पाहिजे.

सहादेव


राहाता
९ ऑक्टोबर १९७२

सहादू,

दाढेत लवंग धर. कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भर. कडक काही खाऊ नको.

पाण्याचंच असणार. इथे पाटाचं पाणी, डाळ लोण्यासारखी शिजते. तिकडचं पाणी पहिल्यापासून जड, मला माहेरपणाचं आठवतं. आणि हाताचाही गुण असतो बाबा. आपल्या बापाने कुठल्याही मारक्या बैलाच्या पाठीवर हात ठेवला की तो गरीब व्हायचा, तुला तो हात नाही आला. तुझा हात खडूला आहे. त्यात वाईट काय? सगळ्यांना सगळं कुठे येतं? तू उगीच जिवाला त्रास करून घेतोस.

आता मनातलं लिहिते. शाळेचे हेडमास्तर परवा म्हणाले, पोरगी हुशार आहे, पण तिकडच्या शाळेचा दाखला आणल्याशिवाय दिवाळीनंतर तिला वर्गात बसवता येणार नाही. म्हणजे आता काय ते ठरवायला पाहिजे. तिकडे प्यायला पाणी नाही. पोरगी उन्हात घागर घेऊन रांगेत उभी राहील. तू शाळेत, घरात बाईमाणूस नाही. उद्या ती शहाणी होईल, तिला कोण काय सांगेल? तू बाप आहेस, पण बाप सगळीकडे पुरत नाही.

दर भाऊबिजेला तू विचारतोस, "अक्का, काय देऊ?" आणि मी म्हणते, "काही नको, तू आलास ना." आजवर एक लुगडं मागितलं नाही. यंदा मागते. ओवाळणीत मला झुंबर दे. ताटात तिचा दाखला टाक. मी तिला माझी म्हणूनच वाढवीन. बाप तूच राहशील, पाहिजे तेव्हा ये, चार दिवस राहा.

ओवाळणाऱ्या बहिणीला आपल्यात कोणी नाही म्हणत नाही. म्हणून तर इतकी वर्षं काही मागितलं नव्हतं.

बनूअक्का


वाघदरा
२१ ऑक्टोबर १९७२

अक्का,

तुझं पत्र आलं तेव्हा हुलगे दुसऱ्यांदा मोड काढून तयार होते. म्हटलं, उत्तर उसळ झाल्यावर लिहू.

या वेळी पाणी बदललं. दोन कोसांवर खंडोबाच्या माळाला एक आड आहे, त्याचं पाणी गोड. सायकलला दोन्हीकडे घागरी बांधून आणलं. आसारामने वाटेत विचारलं, "मास्तर, पानी कशाला?" म्हणालो, शाळेला. चिंच, मीठ, सगळं तू सांगितल्या मापाने. सुट्टीचा दिवस होता, सकाळपासून चुलीपुढून हललो नाही. दुपारी एक चाखला. बाहेरून मऊ वाटला, आत तसाच. संध्याकाळीही तसाच. मग मी चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं.

पाणी गोड होतं, अक्का. म्हणजे दोष पाण्याचा नाही. तू म्हणतेस ते खरं, हात लागतो, तो मला नाही.

रंगू असताना मी या खोलीत बसून वह्या तपासायचो, आणि तिकडे ती असं काही करत असेल हे माझ्या ध्यानातही नव्हतं. ताट पुढे यायचं. मी जेवायचो. "कशी झालीय?" ती विचारायची, मी "हं" म्हणायचो. एकदा तरी उठून बघितलं असतं, तर आज पोरगी घरात असती. हे आता कळून काय करू?

ज्याला लेकराच्या आवडीचं एक कालवण करता येत नाही, त्याने तिला या उन्हात कशाच्या जोरावर आणायचं? तुझ्याकडे पाणी आहे, माणसं आहेत, तिच्या केसाला शिकेकाई आहे. मी फक्त हट्ट करतोय.

भाऊबिजेला येतो. दाखला लिहून ठेवलाय. मीच मास्तर, त्यामुळे सहीसाठी कुठे जावं लागलं नाही. एवढंच कर, तिला आधी सांग. तिने नको म्हटलं तर मला कळव. हो म्हटलं तर कळवू नको, मी समजेन.

मडक्यात एका वेळचे हुलगे उरलेत. ते आता तसेच ठेवतो.

सहादेव


राहाता
२५ ऑक्टोबर १९७२

ती. आबांना झुंबरचा नमस्कार.

आबा, हे कार्ड मी शाळेत लिहीत आहे. बाईंनी सगळ्यांना घरी कार्ड लिहायला सांगितले आहे. मी तुम्हाला लिहिले. माझा तोंडी परीक्षेत पहिला नंबर आला.

आत्या म्हणते आता तू इथेच राहायचं. आबांना उसळ येत नाही म्हणून का? मला पिठलं पण चालतं. रोज चालतं.

काल आत्याने हुलग्याची उसळ केली. मी चिंच भिजवून कोळ काढला आणि पातेल्यात ओतायला लागले, तर आत्याने माझा हात धरला. ती म्हणाली, आधी घालू नको, आधी आंबट घातलं की हुलगे रुसतात, मग दिवसभर शिजवले तरी शिजत नाहीत. चिंच आणि मीठ शेवटी. आई पण तसंच करायची, आता मला आठवलं. मग मी म्हणाले, आबांना हे कळवायचं का? तर आत्या पदराने डोळे पुसायला लागली. चुलीचा धूर झाला होता.

म्हणून मीच कळवते.

दिवाळीला या. माझ्यासाठी टिकल्यांचा डबा आणा. दोन आणा.

तुमची झुंबर


वाघदरा
१ नोव्हेंबर १९७२

अक्का,

बाजारचा दिवस होता, पोस्टमन येऊन गेला. झुंबरचं कार्ड आलं. तिचं अक्षर सुधारलंय. परीक्षेत पहिला नंबर आल्याचं लिहिते. टिकल्यांचे दोन डबे मागितलेत.

मी भाऊबिजेला जामखेडहून पहिल्या गाडीने निघतो, नगरला बदलतो, दुपारपर्यंत पोचेन. जेवायला थांबा. ओवाळणी आणतो.

सहादेव


राहाता
१८ नोव्हेंबर १९७२

सहादू,

तुम्ही दोघं गेल्यापासून रोज पत्र लिहायला बसते आणि उठते. आज लिहून टाकते.

तू पाटावर बसलास. मी ताट घेऊन उभी राहिले. तू एका बाजूला तो दाखला ठेवलास आणि दुसऱ्या बाजूला पितळी डबा. म्हणालास, "अक्का, आधी चव घे. शिजले नसतील तर कागद ताटात घालतो, शब्द दिलाय." माझ्याकडे बघितलं नाहीस. निरांजनाकडे बघत होतास. मला तेव्हाच कळलं की तुला कळलंय. आणि तरी तू सगळं माझ्याच जिभेवर ठेवलंस.

मी झाकण काढलं. एक हुलगा दोन बोटांत धरला आणि तो नुसता विरघळला. तोंडात घालायचीही गरज नव्हती. झुंबर दाराच्या चौकटीला धरून उभी होती, तुझे दाजी ओसरीवरून मान लांब करून बघत होते. सहादू, खोटं सांगत नाही, तेव्हासुद्धा माझ्या मनात आलं की म्हणावं, कच्चे आहेत. तू काही बोलला नसतास. कागद ताटात घातला असतास आणि रिकामा डबा घेऊन एसटीत बसला असतास. तुला मी लहानपणापासून ओळखते. "शिजलेत" एवढा एक शब्द, तो माझ्या तोंडातून बाहेर पडेना. निरांजनातली वात तिरकी झाली, तेल ताटात सांडलं. मग पोरगीच म्हणाली, "आत्या, सांग ना." तेव्हा बोलले.

ती रीत मी चुकून लिहिली असं म्हटलं तर तू लगेच मान डोलावशील. म्हणून तसं म्हणत नाही. लिहिताना हात थांबला होता. वाटलं, एकदा बिघडेल, मग लिहू खरं. मग तुझं दाढेचं पत्र आलं. ते वाचून मला जेवण गेलं नाही. तरी उत्तरात लवंग लिहिली आणि चिंचेचं लिहिलं नाही. पोरगी झोपेत माझा पदर मुठीत धरायची, तो सोडवून घ्यायला मन होत नव्हतं. माझं एवढंच आहे. याला तू काय म्हणायचं ते म्हण.

त्या रात्री तुझे दाजी म्हणाले, "बने, ओवाळनीत लुगडं मागत्यात, भांडं मागत्यात. लेकरू मागत्यात व्हय?" आणि मग उठून मलाच पाणी आणून दिलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

घरात आता पेरू पिकून पडतात, कोणी ओच्यात भरून आणत नाही. मी सवयीने शनिवारी शिकेकाई भिजवली होती. मग माझेच केस धुतले.

तू जाताना पाया पडलास, तेव्हा मी पाय मागे घेतला, ते रागाने नाही. मला पत्र लिहायला तुला नकोसं वाटेल, तर लिहू नको. पण ती कशी आहे, ते कोणाकडून तरी कळव. रात्री उठते का, एवढंच.

आणि सहादू, फोडणीत लसूण जास्त झाला होता. पुढच्या वेळी कमी घाल. हे मात्र खरं सांगते आहे.

बनूअक्का


वाघदरा
१० डिसेंबर १९७२

आत्याला झुंबरचा साष्टांग नमस्कार. मामांना पण.

आबा म्हणाले, आत्याला तूच लिही, तुझी ती वाट बघत असेल. ते शेजारी बसून वह्या तपासत आहेत आणि मी काय लिहिते ते बघत नाहीत.

आत्या, मी रात्री एकदाच उठले. आबांनी कंदील मोठा केला आणि गोष्ट सांगितली. ती भूगोलाची होती, म्हणून मला लगेच झोप आली.

पाणी टँकरने येतं. घागर आबा आणतात, मी कळशी आणते. भीमाबाई माझी वेणी घालते, पण ओढून घालते. तुझ्यासारखी नाही.

दर रविवारी आम्ही उसळ करतो. आईचे हुलगे संपले, म्हणून आबांनी बाजारातून आणले. निवडायचं काम दोघांचं, भिजवायचं आबांचं, चिंच शेवटी घालायचं माझं. लसूण आता कमी घालतात. तरी ती तुझ्यासारखी होत नाही आणि आईसारखी पण होत नाही. आबा विचारतात, कशी झालीय? मी म्हणते, छान. मग तेच म्हणतात, खरं सांग. मग मी म्हणते, छानच, पण आबांसारखी. त्यांना ते आवडतं.

मागच्या रविवारी आबांनी दार उघडंच ठेवलं होतं. भीमाबाई, आसारामकाका आणि कामावरच्या दोन बाया वासाने आल्या. आबांनी सगळ्यांना वाटीवाटी दिली. भीमाबाईने बोटं चाटली आणि विचारलं, "मास्तर, बाईमानसावानी उसळ केली की! कुनी शिकवली?"

आबा म्हणाले, "आमच्या अक्कानं. पत्रातून शिकवली."

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही येणार आहोत. मी महिनाभर राहणार, आबा चार दिवस. आबांनी सांगितलंय, की पदर धरून झोपायची सवय सोडू नको, आत्याला ती लागते.

तुझी झुंबर